श्रेणी ‘अ’, नदी नापास

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांच्या भिंतींवर दोन गोष्टी हमखास रंगवलेल्या दिसतात. एक, वृक्षवेलींना आप्त मानणारा तुकोबांचा अभंग. आणि दुसरी, ‘झाडे लावा, झाडे जगवा’ ही सरकारी घोषणा. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील शाळाही त्याला अपवाद नाहीत. फरक इतकाच की, अन्यत्र तो अभंग दूरच्या संताचा असतो. इथे तो शेजारच्या गावचा आहे. देहू या महानगराच्या वेशीवर आहे. ज्या भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर तुकोबांनी एकांतात चिंतन केले, ते डोंगर याच पट्ट्यात उभे आहेत. ज्या इंद्रायणीत गाथा बुडवली गेली आणि जिने ती तारली अशी कोट्यवधी मराठी मनांची श्रद्धा आहे, ती इंद्रायणी शहराच्या उत्तर सीमेवरून वाहते.

वाहते, असे केवळ म्हणायचे. आळंदीला ज्ञानेश्वर माउलींच्या समाधिस्थळाजवळ बंधाऱ्यावरून खाली पडताना तिच्या अंगावर पांढऱ्या फेसाचे थर चढतात आणि गेल्या काही वर्षांत हे दृश्य वारंवार दिसू लागले आहे. शहराच्या मध्यातून जाणारी, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधिमंदिराच्या घाटाला बिलगून वाहणारी पवना उन्हाळ्यात जलपर्णीखाली दिसेनाशी होते. आणि या दोन नद्यांच्या परिसरात शिकणारी असंख्य मुले पर्यावरणाच्या विषयात उत्तम श्रेणी मिळवून वरच्या वर्गात जातात. मुले उत्तीर्ण आणि नदी नापास! असा निकाल लावणाऱ्या शिक्षणव्यवस्थेला जाब विचारण्याची वेळ आली आहे.

गुणपत्रिकेतले पर्यावरण

पर्यावरण हा विषय शाळेत आला, तो शिक्षणखात्याला उपरती झाली म्हणून नव्हे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१मध्ये निर्देश दिले, की पर्यावरण हा शिक्षणातील सक्तीचा विषय असावा. त्यानंतर एक तप उलटले, तरी राज्ये ढिम्म होती. डिसेंबर २००३मध्ये न्यायालयाला पुन्हा दटावावे लागले, तेव्हा कोठे अभ्यासक्रमाची चक्रे हलली. न्यायालयाच्या धाकाने आलेल्या पाहुण्याचे घरात जसे स्वागत व्हावे, तसेच या विषयाचे झाले. तिसरी ते पाचवीला ‘परिसर अभ्यास’ होताच. वरच्या वर्गांत पर्यावरण हा श्रेणीचा विषय झाला. पुढे २०२०नंतर नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हे नवे पुस्तकही आले. राष्ट्रीय हरित सेनेची पथके २००१-०२पासून कागदावर स्थापन होत आहेत. योजनांची वाण कधीच नव्हती.

वाण आहे ती विषयाच्या प्राणाची. श्रेणीचा विषय म्हणजे टक्केवारीत न धरला जाणारा विषय, आणि जो टक्केवारीत नाही तो आजच्या शाळेत नाहीच. त्याचा तास गणिताच्या शिक्षकाला उसना दिला जातो. प्रकल्पाच्या तयार वह्या बाजारात मिळतात. त्यातील मजकूर मुले उतरवून काढतात, चित्रे चिकटवतात आणि ‘माझ्या परिसरातील जलप्रदूषण’ हा प्रकल्प पूर्ण होतो. त्या प्रकल्पात गंगेचे चित्र असते, ॲमेझॉनच्या अरण्याचे असते, ओझोनच्या छिद्राचे असते. नसते ती शाळेपासून दहा मिनिटांवर असलेली पवना. ज्याला ‘माझा परिसर’ म्हणायचे, तोच त्यातून बेपत्ता असतो.

दिनमानाचीही तीच कथा. स्टॉकहोम येथे १९७२ साली परिषद भरली, म्हणून ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन ठरला. त्या दिवशी महाराष्ट्रातील बहुतांश शाळांना उन्हाळी सुटी असते! मग तो दिवस शाळा उघडल्यावर सवडीने साजरा होतो. एका खड्ड्यात एक रोप, रोपाभोवती वीस मुले, मुलांमागे मुख्याध्यापक आणि समोर छायाचित्रकार. पुढच्या वर्षी बहुधा त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावले जाते.

याच दिवसांत, ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालख्या प्रस्थान ठेवतात. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. सारे शहर रस्त्यावर उतरलेले असते. नदीचे तीर्थ, तुळशीची वृंदावने डोक्यावर घेतलेल्या माउल्या, पहिल्या पावसाची वाट पाहणारा शेतकरी वारकरी, असा पर्यावरणाचा चालता-बोलता पाठ शाळेच्या दारावरून जातो. शाळा त्याकडे वाहतुकीची अडचण म्हणून पाहते, फार तर चिमुकल्यांना विठ्ठल-रखुमाईचे पोशाख घालून दिंडी काढते. त्या वारीला पाणी कोणत्या नदीचे, त्या नदीत सांडपाणी कोणत्या नाल्याचे, हा प्रश्न त्या दिंडीत कोणी विचारत नाही.

अपराध कोणाचा, उपदेश कोणाला?

या शिक्षणाचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. त्यात अपराध थोरांचा आणि उपदेश मुलांना, असा उफराटा न्याय आहे. दात घासताना नळ बंद करा, कागद वाया घालवू नका, कापडी पिशवी वापरा. या सवयी चांगल्याच आहेत. त्यांना कोण नाही म्हणेल? पण आठवीतल्या मुलाने नळ बंद केला नाही म्हणून पवना मेलेली नाही, हे त्याला कोण सांगणार?

नदी कशी मरते, हे सांगणे कठीण नाही. घराघरांतील मैलापाणी प्रक्रिया न होता नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. त्यातील सेंद्रिय घाण कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो. प्राणवायू संपला की मासे तडफडून वर येतात. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्याजवळ मृत माशांचा खच पडल्याच्या बातम्या काही वर्षांपासून येत आहेत. मैल्यातील आणि साबणचुऱ्यातील नत्र-स्फुरद हे जलपर्णीचे खाद्य. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. शोभेची म्हणून परकीय राजवटीत इथे आली आणि आमच्या घाणीवर पोसली. ती पाण्यावर जाड गोधडीसारखी पसरते, सूर्यप्रकाश अडवते आणि स्वतः कुजून उरलासुरला प्राणवायूही खाते. फेसाचे गणितही असेच सोपे आहे. साबणातील आणि रासायनिक सांडपाण्यातील फेसाळ द्रव्ये संथ पाण्यात दडलेली असतात. बंधाऱ्यावरून पाणी आपटले, हवा मिसळली की ती उघडी पडतात. आळंदीचा फेस आळंदीत तयार होत नाही. तो नदी जिथून आली तिथल्या कारभाराचे प्रगतिपुस्तक असतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते. २०२२च्या यादीत देशाची संख्या ३११पर्यंत खाली आली. महाराष्ट्राची मात्र ५५ झाली. देश सुधारत असताना पुरोगामी म्हणवणारे हे राज्य मागे गेले. पवना, इंद्रायणी आणि मुळा या तिन्ही नद्या या बदनाम नामावळीत आहेत.

हे विज्ञान नववीच्या मुलाला समजत नाही काय? उत्तम समजते. मग ते त्याच्या गावच्या नदीच्या नावानिशी का शिकवले जात नाही? कारण सरळ आहे. मुलाला समजले, तर तो प्रश्न विचारेल. नाला कोणाच्या प्रभागातला, प्रक्रिया केंद्र रात्री चालते की नाही, टँकर अंधारात कोठे रिकामा होतो, पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कोणी दिली? चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले मे २०२५मध्ये न्यायालयीन आदेशानंतर पाडावे लागले. ते पायापासून छतापर्यंत उभे राहीपर्यंत यंत्रणेचे डोळे मिटलेले होते. असे प्रश्न विचारणारा विद्यार्थी कोणालाच परवडत नाही. त्यापेक्षा नळ बंद करणारा, घोषणा देणारा आणि चित्रकला स्पर्धेत निळी नदी रंगवणारा विद्यार्थी बरा!

आत्मविस्मृतीचा पाठ

या सगळ्याच्या मुळाशी एक जुना रोग आहे. निसर्गाविषयी आपुलकी ही जणू युरोपातून आयात करण्याची वस्तू आहे, अशा थाटात हा विषय शिकवला जातो. मेकॉलेने १८३५ साली ज्या शिक्षणाचा पाया घातला, त्याने या देशातील माणसाला स्वतःच्या अंगणातील झाडाचे नाव विसरायला लावले.

चिंचवड हे नाव चिंच आणि वड या वृक्षांवरून पडल्याचे सांगतात. पिंपरी, पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, वडमुखवाडी, चाकणकडचे शेलपिंपळगाव. या पट्ट्याच्या नकाशावर झाडांची नावे अशी विखुरलेली आहेत. ज्या समाजाने गावांना वृक्षांची नावे दिली, त्या समाजाची मुले आज पिंपळ आणि पिंपरणी यांतील भेद सांगू शकत नाहीत. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशी ताकीद आहे. शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराचा हा वारसा. तो इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या चौकटीत अडकून पडतो. पर्यावरणाच्या तासाला त्याला प्रवेश नसतो.

गणपतीच्या पूजेतील एकवीस पत्री घ्या. माका, आघाडा, दूर्वा, शमी, बेल, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डोरली, मरवा, हादगा... वनस्पतिशास्त्राचा असा सुटसुटीत पाठ कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? ही पाने गोळा करण्यासाठी मूल पूर्वी बांधावर, ओढ्याकाठी, देवळामागच्या राईत जात असे आणि जाताना झाड ओळखत असे. गावोगावच्या देवराया तर याहून मोठे विद्यापीठ. देवाच्या नावाने राखलेली ही वने किती मोलाची आहेत, हे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांच्या १९७०च्या दशकातील अभ्यासाने विज्ञानजगतापुढे मांडले. श्रद्धेने जे शतकानुशतके सांभाळले, त्याला शास्त्राने नंतर प्रमाणपत्र दिले. राजस्थानात १७३० साली खेजडलीच्या ३६३ बिष्णोईंनी झाडांना मिठी मारून प्राण दिले, तेव्हा पर्यावरण हा शब्दही प्रचारात नव्हता.

इंग्रजांनी १८६५ आणि १८७८च्या वन कायद्यांनी अरण्य सरकारजमा केले आणि वनात राहणाऱ्याला अतिक्रमण करणारा ठरवले. १८७१च्या कायद्याने तर भटक्यांच्या अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. ज्यांच्याजवळ या भूमीच्या पशुपक्ष्यांचे आणि वनस्पतींचे सर्वाधिक ज्ञान होते, त्यांनाच समाजाच्या वेशीबाहेर हाकलले गेले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र समाजाच्या मनातून पुसला गेला नाही. हे पाप केवळ इंग्रजांचे नव्हे. स्वतंत्र भारतातील गावांनी आणि पोलीस ठाण्यांनीही तो शिक्का जपला, हे कबूल केलेच पाहिजे.

चिंचवडगावातील उत्तर

आणि म्हणूनच या पट्ट्यातील सर्वांत मोलाचा प्रयोग चिंचवडगावात उभा आहे, ही घटना अर्थपूर्ण ठरते. चापेकर बंधूंच्या या गावात क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने २००६ साली पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् सुरू केले. त्यामागची प्रेरणा गिरीश प्रभुणे यांची. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९०च्या दशकात भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या कामाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पारधी आणि इतर भटक्या जमातींची मुले-मुली या गुरुकुलात राहतात, शिकतात. शालेय शिक्षणाबरोबर पारंपरिक कला-कौशल्ये, वनौषधी, हस्तव्यवसाय यांना तिथे मानाचे स्थान आहे.

या प्रयोगाचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे. पारध्याचे मूल शाळेत येते तेव्हा ते कोरी पाटी घेऊन येत नाही. तित्तराचा आवाज कोणता आणि लाव्याचा कोणता, माग कोणत्या प्राण्याचा आणि किती वेळापूर्वीचा, पाऊस येणार हे मुंग्यांवरून कसे ओळखावे, कोणता पाला जखमेवर बांधावा, हे त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. आपली शाळा त्याला पहिल्या दिवशी सांगते, की तुला काहीच येत नाही. गुरुकुल त्याला सांगते, की तुला जे येते ते ज्ञान आहे. त्यात आता अक्षराची भर घाल. शिकारीचा फास सुटला पाहिजे, यात वाद नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो सुटणे अटळही होते. पण फास सोडवताना ज्ञानही हिसकावून घेतले, तर उरते काय? सिग्नलवर फुगे विकणारे हात! फास धरणाऱ्या हाताला पक्षी जपण्याचे काम देता येते, ही दृष्टी सरकारी अभ्यासक्रमाला सुचलेली नाही.

समरसता आणि सृष्टी हे दोन वेगळे विषय नाहीत, असे या प्रयोगाने दाखवले आहे. जो समाज आपल्याच माणसांना दूर लोटतो, तो नदी काय सांभाळणार? उपेक्षित बांधवाच्या ज्ञानाला जिथे आसन मिळते, तिथेच झाडालाही नातलगाचा मान मिळतो.

अशा संस्थेला व्यवस्थेने काय दिले? जानेवारी २०२१मध्ये प्रभुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच सुमारास गुरुकुलाला महापालिकेची कोटीच्या घरातील मालमत्ता कराची नोटीस मिळाली! दिल्लीने गौरवायचे आणि गल्लीने वसुली लावायची. सत्तेवर पक्ष कोणताही असो, कागदी कारभाराचा स्वभाव बदलत नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण नसेल.

आरशात पाहण्याचे धैर्य

इथपर्यंतचे वाचून हिंदू समाजाने पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. नदीला माय म्हणायचे आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून निर्माल्य तिच्याच अंगावर भिरकवायचे, हे कोणत्या धर्मात बसते? वटपौर्णिमेला वडाजवळ जाण्याऐवजी बाजारातून वडाची तोडलेली फांदी आणून पुजायची, ही वडाची पूजा की त्याची हत्या? एकवीस पत्रींच्या नावाखाली मिळेल त्या पाल्याची जुडी विकत घ्यायची आणि आघाडा कोणता हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसायचे, हा संस्कार की संस्काराचा सांगाडा? प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, हे शाळकरी मुलालाही कळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली आणि पुन्हा २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी विसर्जनानंतर भग्न मूर्ती काठावर पडलेल्या दिसतात. ज्या मोरयाचा जयघोष करायचा, त्याच मोरया गोसावींच्या चिंचवडात हे दिसावे, याची लाज भक्तांनाच वाटली पाहिजे.

अर्थात, गणेशोत्सव आला की ज्यांना पर्यावरणाची आठवण होते आणि अनंत चतुर्दशी उलटली की ज्यांची आठवण विसर्जित होते, त्या हंगामी पर्यावरणवाद्यांचीही झडती घेतली पाहिजे. वर्षाचे बाराही महिने, दिवसरात्र, नाल्यांतून मैला आणि रसायने नदीत जातात, तेव्हा हे आवाज कोठे असतात? पण विरोधक दुटप्पी आहेत, एवढ्याने आपला दोष धुतला जात नाही. उलट श्रद्धावानाची जबाबदारी अधिक आहे. नास्तिकाला नदी हे पाणी आहे. आपल्याला ती माय आहे. मायच्या अंगावर घाण टाकणाऱ्याला क्षमा कोणत्या शास्त्रात आहे?

संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात सामाजिक समरसता, कुटुंब प्रबोधन आणि नागरी कर्तव्य यांच्याबरोबर पर्यावरण आहे, ते याचसाठी. प्रयागराजच्या २०२५च्या महाकुंभात घरोघरच्या थाळ्या आणि कापडी पिशव्या गोळा करून पाठवण्याची मोहीम झाली. घराघरांतून प्रयागला थाळी जाऊ शकते, तर चिंचवडच्या घाटावर निर्माल्याची पिशवी अडवायला चार तरुण का उभे राहू शकत नाहीत?

चाकणचा इशारा

पिंपरी-चिंचवडने जे भोगले, ते आता इंद्रायणी ओलांडून चाकणच्या वाट्याला येत आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६०च्या दशकात औद्योगिक वसाहत, बजाज, टेल्को आली. १९७१ साली लाखाच्या आत असलेली लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सव्वासतरा लाखांवर गेली. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, परप्रांतांतून माणसे पोटासाठी आली. या शहराने त्यांना सामावून घेतले. उद्योग नकोत, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. उद्योग आणि सृष्टी यांचे वैर नसते, हे सुमंत मुळगावकरांनी टेल्कोच्या पिंपरीतील उजाड माळावर वृक्ष वाढवून आणि तलाव निर्माण करून याच मातीत दाखवून दिले होते. प्रश्न उद्योगाचा नाही, उद्योजकाच्या आणि राज्यकर्त्याच्या नियतीचा आहे.

कांद्याच्या बाजारपेठेचे आणि फिरंगोजी नरसाळ्याच्या संग्रामदुर्गाचे चाकण आज मोटारींचे चाकण झाले. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, वासुली या गावांचे गायरान, ओढे, बांध एका पिढीत बदलले. तुकोबांच्या भामचंद्र डोंगराच्या परिसरापर्यंत औद्योगिक क्षेत्र येऊन भिडले. इथेच शिंदे-वासुलीच्या माळावर डाऊ केमिकलचे संशोधन केंद्र येऊ घातले होते. भोपाळच्या १९८४च्या वायुकांडाशी जोडलेली युनियन कार्बाइड या कंपनीने २००१ साली ताब्यात घेतलेली. २००८ साली बंडातात्या कराडकर यांच्या नेतृत्वाखाली वारकरी आणि ग्रामस्थ उभे राहिले. त्या आंदोलनात जाळपोळ झाली, तिचे समर्थन करता येणार नाही. पण कंपनीला तेथून अखेर माघार घ्यावी लागली, ती टाळ-मृदंग घेऊन रस्त्यावर उतरलेल्या साध्या माणसांमुळे, हे विसरता येणार नाही. त्या माणसांनी पर्यावरणाचे पुस्तक वाचले नव्हते. त्यांना इंद्रायणी आपली वाटत होती, एवढेच त्यांचे शिक्षण.

आज चाकण परिसरातील शाळांत शिकणारे मूल त्या माणसांचे नातू आहे. किंवा लातूर-बीडहून, बिहारहून आलेल्या कामगाराचे लेकरू आहे. पहिल्याची जमीन गेली, दुसऱ्याचे गाव सुटले. दोघांनाही या मातीशी नाते जोडून देणे हे शाळेचे काम आहे. ते नाते जडले नाही, तर उद्या हीच मुले कारखान्यांत पर्यवेक्षक होतील, महापालिकेत अभियंते होतील, नगरसेवक होतील आणि नाल्याचे झाकण तितक्याच निर्विकारपणे बंद करतील.

मग करायचे काय?

नवे पुस्तक नको. नवा दिन नको. नवी प्रतिज्ञा तर मुळीच नको. पंतप्रधानांनी २०२१ साली ग्लासगोत पर्यावरणस्नेही जीवनशैलीचा मंत्र दिला, ५ जून २०२४ रोजी आईच्या नावे एक झाड लावण्याचे आवाहन केले. राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२०पासून आहे. वरून आवाहने पुरेशी झाली. आता खालून उत्तर मिळाले पाहिजे.

पवना, इंद्रायणी, मुळा किंवा त्यांना मिळणारा ओढा ज्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्या प्रत्येक शाळेला त्या पाण्याचा एक तुकडा नेमून द्यावा. मुलांनी दर पंधरवड्याला शिक्षकांसह तिथे जावे आणि वहीत नोंद करावी. पाण्याचा रंग काय, वास कसा, फेस आहे काय, जलपर्णी किती पसरली, कोणता पक्षी आला, कोणता मासा दिसला, काठावरचे कोणते झाड तोडले गेले. ज्या शाळेला नदी नाही, तिला टेकडी आहे. निगडीची दुर्गा टेकडी आहे. चाकणच्या जिल्हा परिषद शाळांना गायरान आहे, देवळाची राई आहे. विषयाची श्रेणी या वहीवर ठरावी. बाजारातून आणलेल्या वहीवर नव्हे.

या वहीची प्रत महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला जावी आणि तिला लेखी उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असावे. ते उत्तर शाळेच्या फलकावर लागावे. मुलांना नागरिकशास्त्र आणि पर्यावरण एकाच वेळी शिकवण्याचा याहून सरळ मार्ग नाही. उत्तर आले नाही, तर तेही मुलांना कळू द्यावे. तोही एक धडाच.

२०१३च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के वाटा सामाजिक कामासाठी खर्च करावा लागतो. त्यातून मुलांना टोप्या आणि बोधचिन्हाचे सदरे वाटण्यापेक्षा कारखान्याचे दार वर्षातून दोनदा उघडावे आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र आधी न सांगता दाखवावे. ज्याचे पाणी स्वच्छ आहे, त्याला भय कसले?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पारध्याच्या, वैदूच्या, धनगराच्या, कोळ्याच्या घरातील जाणत्या वडीलधाऱ्यांना मानधन देऊन वर्गात आणावे. ज्या हातांवर १८७१च्या कायद्याने शिक्का मारला, त्यांना महाराष्ट्राच्या शाळेने गुरू म्हणून नमस्कार करावा. त्या एका नमस्काराने जितके पर्यावरण शिकवले जाईल, तितके शंभर चित्रकला स्पर्धांनी होणार नाही. मंदिरांनी निर्माल्याचे खत करावे आणि ते शाळेच्या बागेला द्यावे; गणेश मंडळांनी उत्सवाच्या दहा दिवसांइतकीच उरलेल्या वर्षातही घाटाची राखण करावी. हे हिंदू समाजाचे स्वतःचे काम आहे. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.

महापालिका नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजना आखते. दगडी फरसबंदी होईल, दिवे लागतील, बाके बसतील. बाकावर बसून नाक मुठीत धरावे लागणार असेल, तर त्या सुशोभनाला काय अर्थ? नदी सुशोभित करायची नसते, जिवंत ठेवायची असते. आणि ती जिवंत ठेवणारे हात निविदा काढून मिळत नाहीत. ते शाळेच्या बाकावर बसलेले आहेत. त्या हातांत आज तयार प्रकल्पाची वही आहे. ती काढून घ्यावी, त्यांना नदीकाठी न्यावे आणि ही तुमची माय आहे, ती आजारी आहे आणि ती का आजारी आहे, हे खरे खरे सांगावे. पुढचे काय करायचे, ते मुले ठरवतील. आणि तेव्हा उत्तरे देण्याची तयारी मोठ्यांनी ठेवावी.